रोख मदत आणि निर्वासितांची चूल

मिस्सा आटोपल्यावर परवा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला वाटेत थांबवून विचारले, "फादर, निर्वासितांसाठी आपण पैसे गोळा करतो ते ठीकच आहे, पण हल्ली म्हणे धान्य न देता रोख रक्कमच त्यांच्या हातावर ठेवतात. ती दारूत अन् विडीत गेली नाही हे पाहणार कोण?" प्रश्न सरळ होता, त्यात कुचेष्टा नव्हती. घाम गाळून मिळविलेल्या पैशाचा हिशेब मागण्याचा अधिकार देणाऱ्यास आहेच. म्हणून मी त्यांना लबानोन देशातील एक हकीकत सांगितली, तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

पवित्र शास्त्रातील गंधसरूंमुळे लबानोनचे नाव आपणांस परके नाही. शेजारच्या सीरियात २०११ साली यादवी पेटली आणि २०१४ च्या एप्रिलपर्यंत लबानोनमध्ये नोंदलेल्या सीरियन निर्वासितांचा आकडा दहा लाखांवर गेला. देशाची स्वतःची वस्ती जेमतेम चाळीस-पंचेचाळीस लाख! सरकारने त्यांच्यासाठी छावण्या उभारल्या नाहीत. कोणी अर्धवट बांधलेल्या इमारतीत, कोणी मोटारीच्या गाळ्यात, तर कोणी बेका खोऱ्यातील शेतांत फळ्या व मेणकापड ठोकून राहिले. आणि त्या निवाऱ्याचेही भाडे त्यांना भरावे लागे. हिवाळ्यात तेथे डोंगरांवर बर्फ पडते.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेने व तिच्या सहकारी संस्थांनी २०१३ च्या नोव्हेंबरपासून २०१४ च्या एप्रिलपर्यंत शेगडीच्या इंधनासाठी म्हणून कुटुंबामागे एकूण ५७५ डॉलर दिले. बँकेचे कार्ड यंत्रात घालावे आणि पैसे काढावेत, अशी सोय होती. थंडी उंचावर अधिक, म्हणून ५०० मीटरच्या वर राहणाऱ्यांनाच ही मदत मिळाली.

आता या पैशाचे झाले काय, हे कसे ओळखावे? नुसते घरोघर जाऊन "मदतीचा उपयोग झाला काय?" असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. पुढील महिन्याचे पैसे बंद होतील या भीतीने कोणती माउली तक्रार करील? शिवाय वसंत ऋतू आला की थंडी आपोआपच सरते. तिचे श्रेय मदतीला देणे हा भाबडेपणा होय. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी या संस्थेच्या अभ्यासकांनी त्या ५०० मीटरच्या रेषेचाच उपयोग करून घेतला. रेषेच्या किंचित वर राहणारे कुटुंब आणि किंचित खाली राहणारे कुटुंब यांच्या दारिद्र्यात काय फरक असणार? फरक एवढाच, की एकाला कार्ड मिळाले व दुसऱ्याला नाही. तेव्हा दोहोंच्या संसारात जे अंतर दिसेल ते त्या पैशामुळेच पडले, असे म्हणता येते.

काय आढळले? बराचसा पैसा इंधनावर नव्हे, तर अन्नपाण्यावर खर्च झाला. "बघा, दिले एकासाठी अन् उडविले दुसऱ्यावर!" असे कोणी घाईने म्हणेल. परंतु पोरे उपाशी असताना शेगडीत तेल ओतणारी आई मी तरी पाहिलेली नाही. उधळपट्टीचा पुरावा मिळाला नाही. कार्ड मिळालेल्या घरांतून मुलांना मजुरीस धाडण्याचे प्रमाण कमी होते, शाळेत जाणारी मुले अधिक होती आणि घरातील भांडणेही कमी होती. वाण्यांनी भाव वाढविले असेही दिसले नाही; उलट मदतीच्या प्रत्येक डॉलरमागे लबानोनच्या व्यवहारात २.१३ डॉलरांची भर पडली, असा त्यांचा हिशेब निघाला. मात्र पुष्कळ घरे पैसे मिळूनही थंडीत कुडकुडलीच. म्हणजे तपास घेणाऱ्याचा झाला आणि उणीव देणाऱ्याची सापडली: रक्कमच तोकडी होती.

अशी पाहणी एकदा करून भागत नाही, हेही खरे. २०१४ च्या डिसेंबरात निधी संपल्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमाने सतरा लाखांहून अधिक सीरियन निर्वासितांची अन्नमदत थांबविल्याचे जाहीर केले. लोकांनी धावून जाऊन देणग्या दिल्या तेव्हा काही दिवसांतच ती पुन्हा सुरू झाली. पुढे २०१९ पासून लबानोनचे चलन कोसळले. एका डॉलरला १५०७ पौंड हा वर्षानुवर्षांचा दर चार-पाच वर्षांत नव्वद हजारांच्या घरात गेला. अशा वेळी हातात किती नोटा पडल्या हे मोजून काय कळणार? त्या नोटांत पाव किती येतात, हे दुकानात जाऊनच पाहावे लागते.

हे सारे त्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले. दारूविडीची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. जाता जाता मात्र म्हणाले, "पण फादर, रेषेच्या खाली राहिलेल्यांनी तो हिवाळा कसा काढला असेल हो?" मला काही उत्तर देता आले नाही.