‘पाचिंको’ : सोशिकतेच्या पलीकडे

मिन जिन ली यांची ‘पाचिंको’ (२०१७) ही मूळ इंग्रजी कादंबरी १९१० ते १९८९ या काळातील एका कोरियन कुटुंबाची कथा सांगते. ‘सुंजा या सोशिक स्त्रीची गाथा’ असे तिचे वर्णन सहज केले जाते. ते खोटे नाही; परंतु तेवढ्यावर थांबल्यास कादंबरीतील खरा प्रश्न हातून निसटतो, असे माझे मत आहे.

विवाहित व्यापारी हान्सूपासून दिवस गेलेल्या सुंजाशी इसाक हा आजारी धर्मोपदेशक विवाह करतो. १९३३ साली ती ओसाकातील इकाइनो या कोरियन वस्तीत येते. पती तुरुंगात गेल्यावर किमची विकून घर चालवते. आपण भारावतो. आता तिच्या मुलांकडे पाहा. थोरला नोआ वासेदा विद्यापीठापर्यंत पोहोचतो, पुढे नागानोत जपानी म्हणून राहतो, पत्नीलाही आपले मूळ सांगत नाही. आणि नोकरी करतो पाचिंकोच्या जुगारघरात! अभ्यासात न रमणारा मोझासूही तेथेच. त्याचा अमेरिकेत शिकलेला मुलगा सॉलोमन बँकेतून काढला गेल्यावर अखेर वडिलांच्याच धंद्यात येतो. स्वभाव तीन, वाट एकच. पाचिंकोच्या यंत्रातील खिळे मालक आधीच किंचित वाकवून ठेवतो; खेळणारा त्याला नशीब म्हणतो.

हे खिळे कोणते? १९५२ साली सॅन फ्रान्सिस्को करार अमलात आला आणि जपानमधील कोरियन लोकांचे जपानी नागरिकत्व गेले. म्हणून जपानमध्येच जन्मलेल्या सॉलोमनला चौदाव्या वाढदिवशी बोटांचे ठसे देऊन परदेशी म्हणून नोंद करावी लागते. त्याच दिवशी मेजवानीही असते. हा प्रसंग तुम्ही सावकाश वाचावा.

शेवटचा भाग घाईचा झाला आहे, पात्रांची गर्दी होते, हे मान्य करावे लागेल. नोआची आत्महत्या मात्र लेखिका अवघ्या ओळीत सांगते, ते मला उणे वाटत नाही. तिथे विलाप केला असता, तर आपण रडून मोकळे झालो असतो.

अखेरीस सुंजा इसाकच्या थडग्यापाशी जाते. नोआ घर सोडल्यानंतरही येथे येत असे, हे तिला तेथील रखवालदाराकडून कळते. इसाक त्याचा जन्मदाता नव्हता, हे तोवर नोआला ठाऊक होते.