‘ते आपली माणसे सांभाळतात!’

इंग्लंडच्या समाजसेवा खात्यांत एक समजूत अनेक दशके मुरलेली आहे: आशियाई कुटुंबे आपली माणसे आपणच सांभाळतात. वरकरणी ही स्तुती आहे. वस्तुतः ती अंदाजपत्रकातील काटकसर आहे.

ब्रॅडफर्ड किंवा लेस्टरमधील एखाद्या आशियाई घरातील, बौद्धिक अपंगत्व असलेल्या चाळिशीच्या माणसाचा विचार करा. त्याच्या गरजांची तपासणी इंग्रजीत होते. दुभाषा नसला तर बहिणीलाच ते काम करावे लागते. दिवसाच्या केंद्रात त्याची भाषा जाणणारे कोणी नसते, हलाल जेवणाची हमी नसते. कुटुंब मागे सरले की दप्तरात नोंद होते: सेवा नाकारली. आणि त्या माणसाला स्वतःला काय हवे, हे तर कोणी विचारलेलेच नसते!

‘कुटुंब सांभाळते’ म्हणजे नेमके कोण सांभाळते? बहुधा आई, बहीण, सून. 2014 च्या केअर ॲक्टने सांभाळणाऱ्याची कुवत आणि तयारी दोन्ही तपासण्याचे बंधन घातले आहे. पण तयारी गृहीतच धरली, तर तपासायचे काय? हिशेबच मांडू. 2024–25 मध्ये सांभाळणाऱ्याचा सरकारी भत्ता आठवड्याला 81.90 पौंड होता. त्यासाठी किमान 35 तासांच्या सेवेची अट. म्हणजे तासाला 2.34 पौंड! त्याच वर्षी प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला 11.44 पौंड होते. ज्या श्रमाला बाजारात वेतन द्यावे लागते, तोच श्रम घरात ‘संस्कृती’ ठरतो.

याची किंमत कोण मोजतो? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालानुसार बौद्धिक अपंगत्व असलेल्या अल्पसंख्य वंशीयांचे मृत्युसमयीचे सरासरी वय 34, तर गोऱ्यांचे 62. हे समाज तुलनेने तरुण आहेत, म्हणून या अंतराचा काही भाग खुशाल वजा करावा. पण वयोरचनेकडे बोट दाखवून अठ्ठावीस वर्षांचा जाब चुकवता येणार नाही.

‘आम्ही संस्कृतीचा आदर करतो’, असे अधिकारी म्हणतील. आदर असेल तर दुभाषा नेमा, त्या समाजातील सेवकांना पुरेशा वेतनावर घ्या, 2010 नंतर स्थानिक संस्थांच्या अनुदानात केलेली कपात भरून काढा. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या आपल्याकडील मंडळींनीही हे ध्यानात घ्यावे: माया ही कुटुंबाची देणगी आहे, ती शासनाची सबब होऊ शकत नाही.