लष्कराची जमीन विकाऊ नाही

संरक्षण खात्याच्या मालकीची देशभरात सुमारे १८ लाख एकर जमीन आहे. तिची मोजणी २०२२ च्या सुरुवातीला पूर्ण झाली, तेव्हा त्यातली १ लाख ६१ हजार एकर ६२ कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत होती. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, नगर, औरंगाबाद आणि कामठी ही महाराष्ट्रातली सात कॅन्टोन्मेंट. इंग्रजांनी ती वसवली तेव्हा शहरे लांब होती. आता शहरांनी त्यांना चहूबाजूंनी वेढले आहे, आणि म्हणूनच एक सूचना पुन्हा पुन्हा पुढे येते: एवढी जमीन सैन्याला शहरात कशाला? विकून टाका. आलेल्या पैशातून तोफा आणि विमाने घ्या, शहरांना घरे आणि रस्ते मिळू द्या.

हा पूर्वपक्ष झटकून टाकण्यासारखा नाही. आधुनिकीकरणाला पैसा कमी पडतो, हे खरे. पगार आणि निवृत्तिवेतनातच संरक्षणखर्चाचा मोठा हिस्सा संपतो, हेही खरे. कॅन्टोन्मेंटमधला रस्ता बंद झाला की शेजारच्या वस्तीला मैलाचा वळसा पडतो, याचा राग समजण्यासारखा आहे. तरीही विक्रीचा उपाय मला साफ चुकीचा वाटतो. हा उपाय एका देशाने करून पाहिला आहे आणि त्याचा हिशेब आपल्यासमोर आहे.

१९९६ साली ब्रिटनमध्ये जॉन मेजर यांच्या सरकारने सैनिकांच्या कुटुंबांची ५७ हजारांवर घरे ॲनिंग्टन नावाच्या खासगी कंपनीला १.६६ अब्ज पौंडांना विकली. विकताना तेव्हाही हेच सांगितले गेले होते: अडकलेला पैसा मोकळा होईल, घरांचा कारभार सुधारेल. पण सैनिकांना राहायला घरे लागणारच होती. म्हणून तिथल्या संरक्षण खात्याने तीच घरे त्याच कंपनीकडून २०० वर्षांच्या कराराने भाड्याने घेतली. भाड्यात सवलत मिळाली, पण देखभाल खात्याच्याच गळ्यात राहिली, आणि रिकाम्या पडलेल्या घरांचेही भाडे सुटले नाही. पुढे घरांच्या किमती अनेक पटींनी वाढल्या आणि तो सगळा फायदा मालकाला झाला. २०१८ साली तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने या व्यवहारात करदात्यांचे अब्जावधींचे नुकसान झाल्याचे दाखवले. अखेर २०२५ च्या जानेवारीत सरकारने उरलेली सुमारे ३६ हजार घरे परत विकत घेतली, जवळपास सहा अब्ज पौंड मोजून. विकली त्यापेक्षा कितीतरी कमी घरे, आणि किंमत साडेतीन पटींहून जास्त.

ही घरांची गोष्ट झाली, मोकळ्या माळाची नव्हे, असे कोणी म्हणेल. पण मोकळ्या जमिनीच्या बाबतीत धोका आणखी मोठा आहे. घर पुन्हा विकत तरी घेता येते. ज्या माळावर वीस मनोरे उभे राहिले तो माळ कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. पुण्याला विमानसेवा मिळाली ती लोहगावला हवाई दलाची धावपट्टी होती म्हणून. गोव्यातही तसेच. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, आणि त्याबद्दल गोवेकरांच्या तक्रारी कितीही असल्या तरी मोपाचा नवा विमानतळ होईपर्यंत पर्यटकांची सगळी विमाने तिथेच उतरत होती. या दोन्ही ठिकाणी जमीन सैन्याकडेच राहिली आणि तरीही नागरिकांच्या कामी आली. पन्नास वर्षांनी काय लागेल हे आज कुणालाच ठाऊक नसते. आणि भांडवली मालमत्ता विकून चालू वर्षाची खरेदी भागवणे, हा कोणत्याही जमाखर्चात तोट्याचाच व्यवहार.

मात्र विक्रीला विरोध म्हणजे आजच्या कारभाराची पाठराखण नव्हे. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, जमिनीबद्दल विचारू नका. हे म्हणणेही तितक्याच ठामपणे खोडून काढले पाहिजे. अंधार आहे म्हणूनच लुटणाऱ्यांचे फावते. कुलाब्यात आदर्श सोसायटीची ३१ मजली इमारत उभी राहिली, त्या जमिनीचा मालक कोण यावरच वर्षानुवर्षे वाद चालला. राज्याने नेमलेल्या आयोगाने २०१२ साली जमीन राज्याची ठरवली, संरक्षण खात्याला ते मान्य नव्हते, आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने इमारत पाडण्याचा आदेश दिला. दक्षिण मुंबईतल्या, सैन्याच्या डोळ्यांसमोरच्या जागेची ही गत. मग दूरच्या एखाद्या जुन्या कॅम्पिंग ग्राउंडची नोंद किती भरवशाची असेल?

खरे तर नोंद ठेवण्याची पद्धत उत्तम होती. १९३७ च्या नियमांनी कॅन्टोन्मेंटमधल्या प्रत्येक तुकड्याला वर्ग दिला. प्रत्यक्ष लष्करी वापरातली जमीन ‘ए-वन’, लष्करासाठी राखीव पण मोकळी ‘ए-टू’, जमीन सरकारची पण ताबा खासगी माणसाचा ती ‘बी-थ्री’, कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे सोपवलेली ‘सी’. जनरल लँड रजिस्टरमध्ये एकेका सर्व्हे नंबरसमोर क्षेत्र, वर्ग, व्यवस्था कोणाकडे, ताबेदार कोण, हक्क कोणत्या प्रकारचा, भाडे किती, पट्टा कधी संपतो, असे रकाने आहेत. ‘ओल्ड ग्रँट’ असे लिहिलेल्या ओळीचा अर्थ बंगला ताबेदाराचा, खालची जमीन सरकारची, आणि सरकारला ती महिन्याच्या नोटिशीवर परत घेता येते. एवढी बारकाईची वही असूनही २०१०-११ च्या अहवालात महालेखापरीक्षकांना मुदत संपलेले पट्टे, नाममात्र भाडी आणि खात्याच्या नावावर न चढलेल्या जमिनी यांवर बोट ठेवावे लागले. वही होती, पण ती कोणी बाहेरून वाचत नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे. हे रजिस्टर, दारूगोळ्याची कोठारे आणि तळांचा तपशील वगळून, लोकांना पाहता आले पाहिजे. कोणता तुकडा कोणाला, किती भाड्याने, किती वर्षांसाठी दिला आहे, यात गुपित ठेवण्यासारखे काही नाही. कायमची मालकी खासगी हातात जाता कामा नये. मेट्रोला, उड्डाणपुलाला, रुग्णालयाला जमीन जरूर द्यावी, पण सार्वजनिक संस्थेलाच. जमिनीच्या बदल्यात तितक्याच किमतीच्या बराकी आणि सुविधा बांधून घेण्याची मुभा २०२१ पासून आहे. ती पद्धत विक्रीपेक्षा कितीतरी बरी, फक्त जमिनीची किंमत कशी ठरवली आणि बदल्यात काय उभे राहिले, हे व्यवहारागणिक संसदेपुढे ठेवावे. हिमाचलातले योल कॅन्टोन्मेंट २०२३ साली बरखास्त झाले आणि तिथली नागरी वस्ती स्थानिक संस्थांकडे गेली. आपल्याकडच्या कॅन्टोन्मेंटमधल्या नागरी वस्त्याही महापालिकांत जाव्यात. तिथल्या रहिवाशाला साधी गच्ची दुरुस्त करायची तरी कॅन्टोन्मेंट बोर्डाची मंजुरी लागते, हे संपले पाहिजे. पण वस्ती वेगळी आणि तिच्याभोवतीचे मोकळे मैदान वेगळे. वस्तीच्या नावाखाली मैदान बिल्डरकडे जाऊ नये.

आणि ज्यांच्याकडून ही जमीन घेतली, त्यांचे काय? ब्रिटनच्या हवाई खात्याने १९३८ साली बॉम्बफेकीच्या सरावासाठी क्रिचेल डाउन इथली ७२५ एकर जमीन सक्तीने घेतली. गरज संपल्यावर ती मूळ मालकांना न देता दुसऱ्याच सरकारी खात्याकडे वळवली. त्यावरून इतका गदारोळ झाला की १९५४ साली कृषिमंत्री थॉमस डगडेल यांना राजीनामा द्यावा लागला, आणि नको झालेली जमीन आधी मूळ मालकाला देऊ करायची हा तिथे दंडक झाला. आपल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा सरकारी जमीन बँकेला परत करण्याचे कलम आहे, कलम १०१. पण ते त्याच कायद्याखाली घेतलेल्या जमिनींना लागू आहे, आणि सैन्याकडची बहुतेक जमीन त्याच्या कितीतरी आधीची. नगर, पारनेर, राहुरीतली केके रेंज या लष्करी सराव-क्षेत्राभोवतीची गावे आणि देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती बांधकामाला बंदी असलेल्या रेड झोनमधली घरे गेली कित्येक वर्षे सैन्यासाठी झीज सोसत आली आहेत. उद्या यातला एखादा पट्टा लष्कराला नकोसा झाला, तर पहिला हक्क याच लोकांचा. संसदेने कलम १०१ जुन्या लष्करी संपादनांनाही लावावे, आणि ते होईपर्यंत शेतकऱ्याकडून घेतलेला एकही तुकडा तिसऱ्या कोणाच्या नावावर चढवू नये.