परसातील बोरीची छाटणी

जळगावच्या मेहरूणी बोरांचा लौकिक खानदेशभर आहे; तथापि भडगाव भागात परसातील बोरीस हत्यार लावण्यास पुष्कळ कुटुंबे कचरतात. ही दया झाडास हितकर नव्हे. बोरीस फळ धरते ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर. छाटणीअभावी फांद्यांची गर्दी होते, फळ लहान राहते व हातास येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पाने गळून झाड विश्रांती घेते. तेव्हा गतवर्षीच्या फांद्या धारदार कात्रीने आखूड कराव्यात, रोगट फांद्या काढाव्यात व मोठ्या कापांवर बोर्डो मलम लावावे. पावसाबरोबर जोमदार फूट येते. गावच्या कृषी कार्यकर्त्याने एका परसात छाटणी करून दाखवावी. हिवाळ्यातील टपोरी बोरे उरलेल्यांची समजूत आपोआप घालतील.