चाळीस मिनिटांतला न्याय

दूरचित्रवाणीवरील गुन्हेगारीच्या मालिकांविषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, रोज रात्री घरात खून पाहून मुले बिघडतात, सबब संच बंद करावा. दुसरा पक्ष विचारतो, यात बिघडण्यासारखे काय आहे? शेवटी गुन्हेगार सापडतो, सत्याचा जय होतो, उलट त्यापासून बोधच मिळतो. पहिल्या पक्षाशी माझे भांडण नाही. मुलांनी वेळेवर झोपावे हे केव्हाही चांगले. माझे भांडण दुसऱ्या पक्षाशी आहे. हा पक्ष ज्याला सत्याचा जय म्हणतो, नेमके तेच या मालिकांमधील विष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी १९८०च्या दशकात दूरदर्शन पाहिले, त्यांना 'द ओल्ड फॉक्स' ही जर्मन मालिका आठवत असेल. 'डेर आल्टे' या नावाने ती जर्मनीत १९७७ साली सुरू झाली. तिच्यापूर्वी तीन वर्षे, १९७४ मध्ये, म्युनिक शहरातील पोलीस अधिकारी डेरिक याची मालिका सुरू झाली होती. ती १९९८ पर्यंत चालली. तिचे २८१ भाग झाले, ते सर्वच्या सर्व हर्बर्ट राइनेकर या एकाच लेखकाने लिहिले आणि शंभराहून अधिक देशांनी ती विकत घेतली. तिच्या सुरुवातीच्या काळातील भागांत खून कोणी केला हे प्रेक्षकाला आरंभीच दाखवीत. म्हणजे 'कोणी?' हा प्रश्न तिथेच संपे आणि 'का?' हा प्रश्न उरे. अधिकारी मयताच्या घरी जाऊन बसे. थोडे विचारी, पुष्कळ ऐकून घेई. मेलेला माणूस कसा होता, त्याच्या जाण्याने कोणाचे काय हरवले, हे त्या संथ संभाषणांतून हळूहळू उलगडत जाई. आपल्याकडील पुष्कळांना हा प्रकार रटाळ वाटे, हेही खरे.

या जर्मन मालिकांना मी सोवळ्यात बसवू इच्छीत नाही. डेरिकची भूमिका करणारे होर्स्ट टॅपर्ट तरुणपणी हिटलरच्या कुप्रसिद्ध वाफेन-एसएस दलात होते, ही गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतर २०१३ मध्ये उघडकीस आली आणि जर्मन वाहिनीने मालिकेचे पुनःप्रसारण थांबविले. आयुष्यभर इतरांच्या तोंडून सत्य काढणाऱ्या पात्रामागील नटाने स्वतःचे सत्य झाकून ठेवले होते! तथापि तपासाचा जो पाठ त्या मालिकेने घालून दिला, तो नटाच्या पापामुळे खोटा ठरत नाही.

आता आपल्याकडे पाहू. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका बी. पी. सिंग यांनी केली आणि तिच्यातून शिवाजी साटम यांच्यासारखा कसलेला नट पोलिसी वेषात घराघरांत पोहोचला. याच जोडीने पुढे जानेवारी १९९८ मध्ये हिंदीत 'सीआयडी' आणली. ती २०१८ पर्यंत अखंड वीस वर्षे चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा अवतरली. दरम्यान अशा मालिकांचा हिंदीत व मराठीत सुकाळ झाला. साटम यांच्या अभिनयाविषयी मला आदर आहे; परंतु त्या मालिकेने न्यायाची जी कल्पना तीन पिढ्यांच्या मनात रुजविली, तिच्याविषयी मुळीच नाही. दार लाथेने फुटते. प्रयोगशाळेचा अहवाल चहा निवण्याच्या आत येतो. संशयिताच्या कानशिलात एक सणसणीत चपराक बसते आणि तो घडाघडा बोलू लागतो. मग साहेब त्याला फाशीची ग्वाही देतात आणि जाहिराती धरून तासाभरात सारे आटोपते. न्यायाधीश नाही, वकील नाही, साक्षीदार नाही. मयताचे नाव तर भाग संपेपर्यंत आपण विसरलेलोही असतो.

वाचकहो, पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा नियम १८७२च्या पुरावा कायद्याच्या २५व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो २३व्या कलमात कायम आहे. इंग्रज सरकार काही दयाळू नव्हते. पण मारून काय वदवून घेता येते हे त्याला पक्के ठाऊक होते. आपल्याला तर हे कायद्यावाचूनही कळावयास हवे. पापनिवेदनाला जाणारा मनुष्य स्वतःच्या पायांनी जातो आणि धाक घालून वदवलेल्या निवेदनाला आपण निवेदन मानीत नाही. असे असता मालिकेतील चपराकीवर आपल्याच घरांत टाळ्या पडाव्यात, हे मोठे नवल होय.

कोणी म्हणेल, ही करमणूक आहे, लोकांना खरेखोटे कळते. कळते का? दौंड म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना जंक्शन आठवते आणि शिरूर म्हटले की घोडनदी. या दोन तालुक्यांच्या शिवेवरून भीमा वाहते. दोन्ही तीरांवर ऊस आहे, आणि मजुरीसाठी घरदार पाठीवर घेऊन फिरणारी कुटुंबेही आहेत. अशाच एका कुटुंबातील सात जणांचे मृतदेह १८ ते २४ जानेवारी २०२३ या दिवसांत दौंड तालुक्यातील पारगावनजीक भीमेच्या पात्रात एकामागून एक सापडले. त्यांत पती-पत्नी, मुलगी, जावई आणि तीन लहान नातवंडे होती. पहिला देह मासे धरणाऱ्यांच्या दृष्टीस पडला.

तेव्हा काय झाले ते आठवा. शेवटची तीन बालके पाण्याबाहेर निघतात न निघतात तोच कथा तयार झाली होती. म्हणे, मुलगा एका स्त्रीला घेऊन पळाला, बापाला लाज वाटली आणि साऱ्या कुटुंबाने नदीत उड्या घेतल्या. वृत्तपत्रांनी ती छापली, पारांवर आणि एसटी स्थानकांवर ती चघळली गेली. तीन नातवंडांना कोणाची लाज वाटली होती, हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. गरिबाच्या मरणाची चौकशी लोक इतक्या लवकर संपवतात! मालिकांनी लावलेली सवय ती हीच. गोष्ट जुळली की तपास झाला.

पुणे ग्रामीण पोलिसांनी मात्र फाईल मिटवली नाही. एवढी माणसे एकाच वेळी, मुलांसह, पाण्यात कशी गेली, याचा माग त्यांनी काढला आणि मयतांच्या भाऊबंदांपैकीच पाच जणांना अटक केली. त्यांच्या घरातील एका तरुणाचा पूर्वी अपघातात मृत्यू झाला होता. तो अपघात नसून घातपात होता, असा संशय धरून त्यांनी हा सूड उगविला, असा पोलिसांचा आरोप आहे. आरोप सिद्ध करणे न करणे हे न्यायालयाचे काम, आपण तिथे थांबावे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हा आरोप खरा असेल, तर ज्यांच्यावर तो आहे त्यांनीही तेच केले जे मालिकेतला साहेब करतो. संशय आला, तपास स्वतःच्या मनात पुरा केला, निकाल स्वतःच दिला आणि शिक्षाही स्वतःच बजावली. त्यांनी मालिका पाहिल्या म्हणून असे केले, असे मी यत्किंचितही म्हणत नाही. सूड मालिकांपेक्षा फार जुना आहे. मी म्हणतो ते एवढेच की, या रोगावर औषध म्हणून दाखविली जाणारी गोष्ट मुळात तोच रोग आहे.

शिकल्यासवरल्यांची कथा निराळी नाही. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पोलिसांनी जाणूनबुजून गोळ्या झाडल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या वेळी फुले उधळणाऱ्यांपैकी कोणी ती वेचायला गेल्याचे ऐकिवात नाही. बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्यांवरील अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीत मारला गेला, तेव्हा मुंबईत सूड पूर्ण झाल्याचे फलक लागले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत त्या मृत्यूचा ठपका पाच पोलिसांवर आला. आरोपीविषयी मला सहानुभूती नाही. पण त्या मुलींच्या बाजूने भर न्यायालयात जो पुरावा त्याच्यासमोर उभा राहावयाचा होता, तोही त्याच गाडीत संपला, याची खंत त्या फलकांवर कुठे होती? आणि २०१४च्या एप्रिलमध्ये मुंबईत वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यात असलेला एक पंचविशीचा तरुण मेला, त्याचे काय? तो पळताना गाडीखाली आला असे पोलीस म्हणाले, बापाने ते मानले नाही आणि उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपविला. 'दोन ठेवून दिल्याशिवाय हे लोक बोलत नाहीत' असे म्हणताना आपण हा तरुण आठवावा.

संच बंद केल्याने यातले काही बदलणार नाही. मला चांगली मालिका हवी आहे. जर्मनीत १९७० पासून 'टाटओर्ट' नावाची मालिका चालू आहे. तिथे वेगवेगळ्या प्रादेशिक नभोवाणी संस्था आपापल्या शहरांतील तपासकथा करतात, त्यामुळे कोलोनचा खून कोलोनच्या बोलीत आणि कोलोनच्या हवेत घडतो. आपल्या मालिकांतील मुंबई मात्र कुठलीच नसते, आणि दौंड-शिरूर तर त्यांच्या नकाशावरच नाही. यवतच्या ठाण्यातील एखादा फौजदार घ्या. हाताखाली अपुरी माणसे, एका बाजूला महामार्गावरील अपघात, दुसऱ्या बाजूला उसाच्या पाचटात सापडलेला अनोळखी देह. पंच व्हायला गावात कोणी तयार नाही, कारण पुढे कोर्टाच्या खेपा कोण घालणार? अकस्मात मृत्यूची नोंद झालेली, व्हिसेरा पाठविलेला, अहवाल महिनोन्‌महिने आलेला नाही. पालावरची म्हातारी पोलिसाला पाहताच गप्प होते, कारण तिने आजवर पोलीस पाहिला तो तिच्याच माणसाला न्यायला आलेला. हा फौजदार तिला मारणार नाही. तो बाजेच्या कडेला बसून राहील. ती कधी बोलेल, बोलेल की नाही, यावर एक अख्खा भाग होऊ शकतो, आणि तो रटाळ होणार नाही, याची जबाबदारी लेखकाची.

असे लेखक आपल्याकडे नाहीत असे कोण म्हणेल? याच अंकांतून ग्रामीण कथा लिहिणाऱ्या आपल्या मंडळींनी सह्याद्री वाहिनीकडे तेरा भागांचा आराखडा घेऊन जावे. नकार येईल, बहुधा येईलच. मग तीच गोष्ट नाटक म्हणून लिहावी आणि मे महिन्यात दौंडला करावी. पारगावहून लोक येतील.