तासाचें मोल

आमचा भाचा नोकरी सोडून खडकवासल्यास घरबसल्या भाषांतरें करूं लागला. पूर्वीचें वेतन ४८,०००. त्यास महिन्याच्या २०० तासांनीं भागून त्यानें तासास २४० रुपये ठरविले. सहा महिन्यांत शिल्लक आटली. आम्हीं वही उघडविली. दुरुस्त्या, पत्रव्यवहार, बिलांचे तगादे यांत निम्मे तास जात. मोबदला १०० तासांचाच, म्हणजे अवघे २४,०००. शिवाय वीज, आजारपण, आणि नोकरींत भविष्यनिर्वाह निधींत मालक भरी तो मूळ वेतनाचा १२ टक्के वाटा! आम्हीं ६०० सुचविले.

"मामा, गिऱ्हाइकें जातील."

(आम्हीं स्वतः शिकवणीचें मोल कधीं मागितलें नाहीं, पण आम्हांस निवृत्तिवेतन होतें.)

तिघांपैकीं एक गेलाच. दोघांकडून आतां ४०,००० येतात. तिसऱ्याचे तास अद्याप रिकामे आहेत.