क्षेपणास्त्रावरचा अब्दाली

मे २०२५ मध्ये पाकिस्तानने ‘अब्दाली’ क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. पल्ला साडेचारशे किलोमीटर, असं जाहीर झालं. मराठी वाचकाची नजर मात्र त्या आकड्याच्या आधी नावावरच अडते. १४ जानेवारी १७६१, पानिपत, अहमदशहा अब्दालीशी लढताना पडलेले विश्वासराव, भाऊसाहेब, सारं एका शब्दात डोळ्यांपुढे येतं.

हे नाव मुळात अहमदशहाचं नव्हे, त्याच्या टोळीचं. सूफी परंपरेत लोकांच्या नजरेआड राहून जगाचा भार वाहणाऱ्या संतांना ‘अब्दाल’ म्हणतात. टोळीचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगितलं जातं. १७४७ मध्ये कंदाहारला अहमदशहा राजा झाला आणि त्याने ‘दुर्र-ए-दुर्रान’, म्हणजे मोत्यांतला मोती, अशी पदवी घेतली. तेव्हापासून टोळी दुर्राणी झाली. अफगाणांचा तो ‘अहमदशहा बाबा’. मराठी कागदपत्रांत मात्र तो ‘अबदाली’च राहिला.

मग तो क्षेपणास्त्रावर कसा आला? भारताच्या ‘पृथ्वी’ची पहिली चाचणी २५ फेब्रुवारी १९८८ ला झाली. पृथ्वी म्हणजे धरती. ‘अग्नी’ आणि ‘आकाश’ ही तिची भावंडं. सीमेपलीकडे मात्र त्यात पृथ्वीराज चौहान दिसला. एप्रिल १९९८ मध्ये पाकिस्तानने उत्तर कोरियाच्या नोडाँगवर बेतलेलं क्षेपणास्त्र उडवलं आणि त्याला नाव दिलं ‘घोरी’. ११९२ मध्ये तराईच्या दुसऱ्या लढाईत पृथ्वीराजाला हरवणारा तो हाच. त्याच माळेत पुढे ‘गझनवी’ आणि ‘अब्दाली’ आले.

२००६ मध्ये अफगाण सरकारनेच हरकत घेतली: आमच्या राजांची नावं अस्त्रांना देऊ नका. पाकिस्तानने नावं बदलली नाहीत.

खरी गफलत याहून खोल आहे. अब्दालीच्या स्वाऱ्यांची पहिली धाड पडे ती पंजाबवर. १७४८ च्या जानेवारीत त्याने लाहोर घेतलं, आणि पुढची कित्येक वर्षं तो येतच राहिला. खाल्लं-प्यायलं तेवढं आपलं, उरलं ते अहमदशहाचं, अशा अर्थाची म्हण पंजाबीत रुजली ती याच काळात. घरात धान्य साठवावं की नाही, हा प्रश्न ज्यांना रोज पडला, त्या माणसांची ही म्हण आहे. त्यांतली कितीतरी गावं आज पाकिस्तानात आहेत.

एप्रिल १७५८ मध्ये रघुनाथरावांच्या फौजा लाहोरात शिरल्या, तेव्हा तिथून पळाला तो अब्दालीचाच मुलगा, तैमूरशहा. ज्याने लाहोर लुटलं, त्याचंच नाव लाहोरच्या रक्षणासाठीच्या अस्त्राला देणं हा त्या शहरावरचा अन्याय आहे.